बाल्डर्स गेट ३, टॅक्टिशियन: तीन तलवारवाले घेऊन पहिला अंक पार होतो का? आणि त्यानंतर कोणता पार्टी-गेम?

रात्रपाळी

विचर ३, स्कायरिम असे एकट्या नायकाचे गेम्स खेळून झालेत, चार जणांची पार्टी सांभाळायची ही पहिलीच वेळ. अवघडपणा टॅक्टिशियन, लेव्हल ४, गॉब्लिनांचा तळ समोर. पार्टीत स्वतःचा पॅलाडिन (दोन हातांची तलवार, ग्रेट वेपन मास्टर हे फीट, म्हणजे खास कौशल्य), लेझेल (योद्धा), कारलाक (बार्बेरियन) आणि अस्टेरियन (चोर). शॅडोहार्ट (क्लेरिक) आणि गेल (जादूगार) कॅम्पमध्येच बसून आहेत.

दर लढाईत तेच होतं. शत्रूचे तिरंदाज उंचावर, आपले तिघे त्यांच्याकडे धावण्यात दोन टर्न घालवतात, तोवर एकजण आडवा. पोहोचलं तरी तलवारीचा नेम ३०-३५ टक्के दाखवतो. लढाई संपली की लाँग रेस्ट (कॅम्पवर रात्रभर विश्रांती), आणि एका रेस्टला ८० सप्लाय (अन्नसाठा) जातात.

दोन प्रश्न. पार्टी कुठे बदलावी? आणि हा संपल्यावर डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २, पाथफाइंडर रॅथ ऑफ द रायचस आणि जुना बाल्डर्स गेट २ यांपैकी आधी कोणता घ्यावा?

चौथा_फासा

तुमचा ३० टक्क्यांचा आकडा कुठून येतो ते आधी पाहू, म्हणजे कोणाला बाहेर काढायचं ते आपोआप कळेल.

लेव्हल ४ ला स्ट्रेंग्थ १७ म्हणजे +३, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२, एकूण +५. समोरच्याचा आर्मर क्लास (नेम लागायला गाठायचा आकडा) १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. ग्रेट वेपन मास्टर चालू ठेवला की नेमातून ५ वजा आणि नुकसानात १० अधिक, म्हणजे ३० टक्के. दोन हातांच्या तलवारीचं सरासरी नुकसान १० धरा (२ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, अधिक ३). फीट बंद असताना एका वाराची सरासरी ५.५ पडते, चालू असताना ६. एवढ्या फरकासाठी दहातले सात वार हवेत घालवणं परवडत नाही.

आता यात शॅडोहार्टचं ब्लेस घाला. पहिल्या पातळीचं स्पेल, तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि प्रत्येक सेव्हमध्ये (वाईट परिणाम टाळायच्या फाशात) एक डी ४, म्हणजे सरासरी २.५, म्हणजे साडेबारा टक्के. फीट चालू ठेवून नेम ४२.५ होतो आणि वाराची सरासरी ८.५. बंद ठेवलात तर ६.७५. म्हणजे तुमच्या फीटमध्ये जीव येतो तो दुसऱ्या कुणाच्या स्पेलमुळे. एकट्या नायकाच्या गेमहून ही जात वेगळी आहे ती इथेच. आपल्या माणसाचा आकडा वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग बहुतेक वेळा शेजारच्या माणसाकडे असतो. तीन तलवारवाले एकमेकांना असं काहीच देत नाहीत, तिघेही तेच मागतात.

ब्लेस पॅलाडिनलाही येतं हे खरं, पण ते त्याच्याकडून टाकून घेऊ नका. ते कॉन्सन्ट्रेशनचं स्पेल आहे, म्हणजे टाकणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवरच चालणारं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) सेव्ह, किमान १० चा (नुकसानाची निम्मी रक्कम १० हून जास्त असेल तर तेवढ्याचा). कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्याला ते ६५ टक्के जमतं, दोन वार बसले तर दोन्ही पार होण्याची शक्यता ४२. पुढे उभं राहणाऱ्याकडे ब्लेस ठेवलं की दुसऱ्या टर्नपर्यंत ते गेलेलंच असतं. शॅडोहार्टला मागे ठेवा, अॅक्शनमध्ये ब्लेस आणि त्याच टर्नमध्ये बोनस अॅक्शनने स्वतःवर सँक्चुअरी. तिने हल्ला केला नाही तोवर शत्रूला तिच्यावर थेट नेम धरता येत नाही. आग, बाँब, असं जागेवर पडणारं काही मात्र लागतंच.

तिचा फायर बोल्ट सारखा चुकतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो तिच्या वंशामुळे मिळालेला, इंटेलिजन्सवर चालणारा कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारं साधं स्पेल) आहे आणि तिचं इंटेलिजन्स सामान्य आहे. तो वापरूच नका. गायडिंग बोल्ट विज्डमवर चालतं, ४ डी ६ नुकसान देतं, शिवाय त्या शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतं. तो पुढचा हल्ला पॅलाडिनचा असू द्या.

मी लेझेलला बाहेर ठेवून शॅडोहार्टला आत घेईन. पॅलाडिन आणि लेझेल एकाच कामाचे आहेत.

मशालवाला

शॅडोहार्टबद्दल पूर्ण सहमत. पण उंचावरच्या तिरंदाजांचं उत्तर ब्लेसमध्ये नाही, ते कारलाकच्या हातात आहे आणि तिथे तलवार किंवा कुऱ्हाड ठेवूच नये.

कॅम्पमधल्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली की क्लास, गुण, फीट सगळं नव्याने निवडता येतं. कारलाकला बार्बेरियनच ठेवा, उपवर्ग बर्सर्कर, लेव्हल ४ ला टॅव्हर्न ब्रॉलर घेऊन त्यातला एक गुण स्ट्रेंग्थला: १७ चे १८. या फीटमुळे फेकलेल्या वस्तूच्या नेमात आणि नुकसानात स्ट्रेंग्थचा बोनस दोनदा धरला जातो. ४ अधिक ४ अधिक २, म्हणजे +१०. वरच्याच हिशोबात आर्मर क्लास १५ ला फाशावर फक्त ५ लागतात, ८० टक्के. तेही धावायची गरज न पडता. रेजमध्ये (संतापाच्या आवेशात) असताना बर्सर्करला बोनस अॅक्शनने आणखी एक फेक मिळते आणि तिचा मार लागलेला आडवा पडतो. आडव्या पडलेल्यावर पॅलाडिनला अॅडव्हान्टेज.

फेकायला रिटर्निंग पाइक नावाचा भाला घ्या, तो फेकल्यावर हातात परत येतो. गॉब्लिनांच्या तळावरच्याच व्यापाऱ्याकडे मिळतो, त्यामुळे तिथे तलवार उपसण्याआधी खरेदी उरकून घ्या. तोवर साधे भाले, जॅव्हलिन, हातकुऱ्हाडी गोळा करत राहा आणि लढाईनंतर उचलायला विसरू नका.

तळाबद्दल दोन गोष्टी. तिथे युद्धाचे ढोल ठेवलेले आहेत. गॉब्लिनाने ढोल वाजवला की जवळपासचे सगळे धावून येतात आणि एक लढाई तीन लढायांएवढी होते. भांडण काढण्याआधी अस्टेरियनला लपत पाठवून ढोल फोडा. दुसरं, तीन म्होरक्यांना तिघांच्या जागी वेगवेगळं गाठा, दारं बंद करून.

इनिशिएटिव्हकडेही (कोणाची टर्न आधी, हे ठरवणारा आकडा) लक्ष द्या. टेबलावरच्या नियमांत त्यासाठी वीस बाजूंचा फासा असतो, लॅरियनने (गेम बनवणारी कंपनी) या गेममध्ये डी ४ ठेवला आहे. त्यामुळे डेक्स्टेरिटीचा प्रत्येक बोनस इथे फार जड होतो आणि अॅलर्ट फीटचे +५ म्हणजे जवळपास नक्कीच पहिला नंबर. उंचावरच्या तिरंदाजांआधी तुमची टर्न आली तर ते तिरंदाज अर्धेच उरतात.

रात्रपाळी

दोघांचेही आभार. म्हणजे पॅलाडिन, शॅडोहार्ट, कारलाक (भाला) आणि अस्टेरियन. मग गेलची गरजच नाही का? आणि रेस्टचं काय करायचं?

तळघरातली_मावशी

गेलची गरज लेव्हल ५ पासून आहे आणि तुम्ही त्याच उंबरठ्यावर आहात. लेव्हल ५ ला शस्त्राने लढणाऱ्यांना एका अॅक्शनमध्ये दोन वार मिळतात आणि जादूगाराला तिसऱ्या पातळीची स्पेल्स. दोन्ही उड्या एवढ्या मोठ्या आहेत की लेव्हल ४ वर तळावर जाण्यापेक्षा आधी दुसरीकडचे अनुभवगुण जमवून पाचवर जाणं मला शहाणपणाचं वाटतं. उजाड गावाच्या विहिरीखालची कोळीण घ्या हवी तर. तिची अंडी लढाईआधी जाळून टाका आणि ती जाळ्याच्या पुलावर आली की पूल जाळा, पडण्याचा मार मोठा असतो.

गेलचं पाण्याशी जमतं, ते नीट शिकून घ्या. भिजलेल्याला विजेचा आणि थंडीचा मार दुप्पट बसतो. शॅडोहार्टकडे क्रिएट वॉटर आहे, पहिल्या पातळीचं. नसेल तर पाण्याची बाटली फेकली तरी भिजतात. त्यावर लेव्हल ५ च्या गेलचं लाइटनिंग बोल्ट: ८ डी ६ म्हणजे सरासरी २८, भिजलेल्यावर ५६. साधं रे ऑफ फ्रॉस्टसुद्धा, ज्याला स्लॉट (स्पेल टाकण्याचा मोजका कोटा) लागत नाही, दुप्पट होतं.

बिघडतं ते दोन कारणांनी. आपली माणसंही त्याच पाण्यात उभी असतात आणि त्यांनाही तोच नियम लागू. दुसरं म्हणजे भिजलेल्याला आगीचा मार निम्मा, त्यामुळे पाणी टाकून वर फायरबॉल टाकला तर एक अख्खी टर्न फुकट. एका लढाईत एकच: पाणी-वीज किंवा तेल-आग.

मग बाहेर कोण? लढायच्या वेळी अस्टेरियन. कुलपं आणि सापळे असतील तिथे तो परत. कॅम्पमधून माणूस बदलायला पैसे लागत नाहीत आणि चारही जागा कायमच्या मानायचं काही कारण नाही.

रेस्ट: प्रत्येक लाँग रेस्टमागे दोन शॉर्ट रेस्ट मिळतात, त्या आधी संपवा. पार्टीत बार्ड असेल तर तिसरीही मिळते. लढाई चालू असताना जखमा भरण्यावर स्लॉट घालवू नका. कोणी बेशुद्ध पडला तरच हीलिंग वर्ड, बोनस अॅक्शनने, लांबून. औषधाची बाटली प्यायची सोडून जमिनीवर फेकली तर जवळजवळ उभ्या असलेल्या दोघा-तिघांना एकाच बाटलीत गुण येतो. आणि प्रत्येक पेटी, पिंप, स्वयंपाकघर उघडून खाण्याचं सगळं कॅम्पला पाठवत चला. पहिल्या अंकात एवढं अन्न सांडलेलं आहे की ८० चा आकडा दिसतो तेवढा भारी नाही.

सहाजण

पुढच्या गेमबद्दल: बाल्डर्स गेट २. सन २००० चा गेम आहे, आज घेताना २०१३ ची एन्हान्स्ड आवृत्ती घ्या. बाल्डर्स गेट ३ ला डिस्कवर १५० जीबी लागतात, हा जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालतो.

सहा जणांची पार्टी आणि थांबवता येणारी सलग लढाई. टर्नची सवय झालेल्याला पहिले काही तास गोंधळ वाटेल. सेटिंग्जमध्ये ऑटो-पॉज आहे: शत्रू दिसला, स्पेल टाकून झालं, नेमलेला शत्रू मेला, या तिन्हींवर तो लावा. राउंड सहा सेकंदांचा आणि एका जादूगाराला एका राउंडमध्ये एकच स्पेल. आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला, हेही आधीच लक्षात घ्या, नाहीतर दुकानात उलटी खरेदी होईल.

इथली खरी मजा जादूगारांच्या लढतीत आहे आणि तशी लढत मला नंतरच्या एकाही पार्टी-गेममध्ये सापडत नाही. शत्रूचा जादूगार थरांवर थर चढवून उभा राहतो. मिरर इमेज आणि इम्प्रूव्हड इन्व्हिजिबिलिटी हे आभासाचे थर. त्यांच्या आत स्पेल परतवणारे थर. त्याच्याही आत शस्त्र अडवणारे स्टोनस्किन आणि प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स. तलवारवाले कितीही बळकट असोत, हे उतरल्याशिवाय ओरखडा उठत नाही. क्रम असा: आधी आभास उतरवणारं ट्रू साइट, कारण इम्प्रूव्हड इन्व्हिजिबिलिटी असलेल्यावर थेट नेमाचं स्पेल टाकताच येत नाही. मग स्पेल परतवणारे थर काढायला सिक्रेट वर्ड किंवा रुबी रे. मग ब्रीच, जे शस्त्र अडवणारे थर काढतं. मग तलवारी. लिचवर (मेल्यानंतरही वावरणारा जादूगार) मात्र ब्रीच चालत नाही, पाचव्या पातळीपर्यंतची स्पेल्स त्याला लागतच नाहीत. हा क्रम जड वाटला तर केल्डॉर्नला पार्टीत घ्या. तो इन्क्विझिटर (जादूविरोधी पॅलाडिन) आहे, ट्रू साइट आणि जबरदस्त डिस्पेल दोन्ही जवळ बाळगून असतो.

स्टोनस्किनवाल्याचं स्पेल मोडायचं असेल तर मॅजिक मिसाइल किंवा मेल्फ्स अॅसिड अॅरो. स्टोनस्किन शस्त्रांचे घाव अडवतं, हे अडवत नाही, आणि स्पेल म्हणता म्हणता मार बसला की ते वाया जातं.

चौथा_फासा

बाल्डर्स गेट २ थोर आहे याबद्दल वाद नाही, पण ३ वरून थेट तिकडे उडी मारायला मी सांगणार नाही. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ (२०१७) आधी घ्या. त्याच लॅरियनचा, चार जण, टर्नवाला. बिछाना वापरला की पार्टी पूर्ण बरी होते आणि त्याला सप्लाय लागत नाहीत, त्यामुळे रेस्टचा प्रश्नच मिटतो.

त्यात एकच गोष्ट मला मनापासून खटकते, आणि ती आधी माहीत असली तर त्रास वाचतो. प्रत्येकाला शारीरिक आणि जादुई असे दोन आर्मर असतात. शारीरिक उतरल्याशिवाय कोणी आडवा पडत नाही, जादुई उतरल्याशिवाय गोठत नाही. समजा एखाद्याचे दोन्ही २००-२०० आहेत आणि जीव ३००. चौघेही शारीरिक मार देणारे असतील तर ५०० पुरतात. दोन-दोन वाटून एकाच शत्रूवर तुटून पडलात तर ७०० पर्यंत लागतात. म्हणजे चार तऱ्हेचे चौघे घ्यावेत असं गेम सुचवतो आणि हिशोब त्याच्या उलट सांगतो. दोन-दोन ठेवायचेच असतील तर प्रत्येक जोडीने वेगळा शत्रू निवडावा: जादूवाल्यांनी चिलखती शिपाई, शारीरिकवाल्यांनी चेटके.

आणि वॉरफेअर हे कौशल्य. त्याचा प्रत्येक गुण सगळा शारीरिक मार ५ टक्क्यांनी वाढवतो, तिरंदाजाचाही आणि नेक्रोमॅन्सरचाही. तिघांनाही तो आधी भरा. शस्त्र दोन-तीन लेव्हल जुनं झालं की बदलाच, तिथे लेव्हलचा परिणाम फार मोठा आहे.

मशालवाला

रॅथ ऑफ द रायचस (२०२१) शेवटी ठेवा, पण यादीतून काढू नका. सहा जण, आणि टर्न की सलग हे एका बटणावर, लढाईच्या मध्येही बदलता येतं. किरकोळ टोळ्या सलग मारायच्या, मोठी लढाई आली की टर्न चालू करायचं. हीच सोय बाकीच्यांत असायला हवी होती.

अवघडपणा नॉर्मल ठेवा. राक्षसांशी लढायचं म्हणजे त्यांना वीज लागत नाही, आग, थंडी, अॅसिड यांतले १० गुण वजा होतात आणि वर स्पेल रेझिस्टन्स (स्पेल अंगाला लागू न देण्याची ताकद). त्यामुळे जादूगाराला ती भेदणारं स्पेल पेनिट्रेशन लवकर द्या, आणि सुरुवातीला ग्रीस, ग्लिटरडस्ट, क्रिएट पिट ही स्पेल्स ठेवा. यांना स्पेल रेझिस्टन्सची तपासणीच लागत नाही. योद्ध्यांना कोल्ड आयर्नची शस्त्रं.

बफ्स (आपल्या माणसांची ताकद वाढवणारी स्पेल्स) त्यांचा वेळ बघून टाका. मेज आर्मर लेव्हलमागे एक तास टिकतं, बुल्स स्ट्रेंग्थ एक मिनिट, हेस्ट फक्त एक राउंड. तासवाली सकाळी, मिनिटवाली दारापाशी, हेस्ट लढाई सुरू झाल्यावर. एकाच प्रकारचे दोन बोनस बेरजेत धरले जात नाहीत, त्यातला मोठा तेवढा लागतो, म्हणून टाकण्याआधी बोनसचा प्रकार वाचा. पीसीवर असाल तर बबल बफ्स हा मॉड (गेममध्ये वरून घालायची भर) घाला, सगळे एका क्लिकवर लागतात.

रात्रपाळी

ठरलं. विदर्सकडून कारलाक बदलून घेतो, विहीर आधी, तळ लेव्हल ५ वर. डिव्हिनिटी पुढचा. एकच राहिलं: ग्रेट वेपन मास्टर दर वाराला चालू-बंद करता येतो का?

चौथा_फासा

हो. खालच्या पट्टीत पॅसिव्ह्ज या भागात त्याचं बटण असतं, आपल्या टर्नमध्ये कधीही दाबा, अॅक्शन लागत नाही. अॅडव्हान्टेज किंवा ब्लेस असेल तेव्हा चालू. आर्मर क्लास १७-१८ च्या पुढे किंवा शत्रूचा जीव दहाच्या आत उरला असेल तेव्हा बंद.