मदत हवी आहे: चार छोटे सर्व्हर घ्यावेत की एकच दणकट?

माझ्याकडे वर्डप्रेसच्या चार साइट आहेत. एक दुकान (वूकॉमर्स), दोन माहितीच्या आणि एक फोटोंची. चारही एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर), २ कोअर आणि ४ जीबी रॅम. दोन वर्षं कुरकुर न करता चाललं. गेल्या आठवड्यात दुकानात सवलत लावली आणि अर्ध्या तासात चारही साइट झोपल्या. दुकान बसलं ते समजू शकतो, पण ज्या साइटवर दिवसाला पन्नास माणसं येतात तिनं काय घोडं मारलं होतं?

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये पाहिलं तर मेमरी संपली म्हणून मायएसक्यूएल या डेटाबेसला मारून टाकलेलं. डेटाबेस सगळ्यांचा एकच, त्यामुळे सगळ्यांचाच निकाल लागला.

आता दोन पर्याय दिसतात. एक, प्रत्येक साइटला १ कोअर, २ जीबीचा वेगळा सर्व्हर. दुसरा, ४ कोअर, ८ जीबीचा एकच. बेरीज तीच, भाडंही जवळपास तेच. मन पहिल्याकडे ओढतं, कारण एक पडला तरी बाकीचे उभे राहतील. पण चारही मलाच सांभाळायचे आहेत, आणि अपडेटच्या बाबतीत मी किती शिस्तीचा आहे ते मलाच ठाऊक. डेटाबेस तेवढा वेगळ्या सर्व्हरवर हलवावा, असंही एकानं सुचवलं. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
सर्व्हर बदलण्याआधी एक सांगा, पीएचपी-एफपीएममध्ये (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रत्येक साइटला किती वर्कर, म्हणजे एकाच वेळी पानं तयार करणाऱ्या प्रक्रिया, दिले आहेत?

धागाकर्ता
प्रत्येकी २०. कुठल्याशा लेखात वाचून टाकले होते.

प्रतिसाद १
मग इथंच आहे गोम. वर्डप्रेसचा एक वर्कर ६० एमबी धरला तरी ८० वर्कर म्हणजे ४.८ जीबी, आणि तुमची रॅम ४. एरवी सगळे एकदम जागे होत नाहीत म्हणून निभावलं. मेमरी संपली की कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उचलतो, आणि तो बहुतेक वेळा डेटाबेसच असतो. हेच आकडे घेऊन ८ जीबीवर गेलात तरी एकाच्या गर्दीत चौघे बुडण्याचा धोका राहतोच, फक्त जरा उशिरा.

प्रतिसाद २
चार चुली मांडल्या की राखही चार ठिकाणची काढावी लागते. चार फायरवॉल, चार बॅकअप, चार वेळा अपडेट. शिवाय चार वेळा मायएसक्यूएल, आणि माझ्याकडे तो नुसता बसून तीन-चारशे एमबी घेतो. खरी अडचण वेगळीच आहे. दुकानात गर्दी झाली तर त्याला त्या २ जीबीतच भागवावं लागणार. शेजारच्या तिघांची रॅम मोकळी पडली असली तरी ती उसनी मिळत नाही. मोठ्या सर्व्हरवर ती मिळते.

डेटाबेस वेगळा करायचा विचार तर सोडूनच द्या. एका पानाला १०० क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) धरा आणि प्रत्येकीला जाण्यायेण्याचा अर्धा मिलिसेकंद, की ५० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. वर दोन्ही सर्व्हर चालू असतील तरच साइट चालणार. प्रत्येकी ९९.९ टक्के धरले तर जोडीचे होतात सुमारे ९९.८. म्हणजे खर्च वाढवून बंद राहण्याची वेळही दुप्पट!

प्रतिसाद १
सहमत. मी असतो तर दुकान एकटं ४ जीबीवर नेलं असतं आणि बाकी तिघांना आहे तिथेच ठेवलं असतं. पैसे दुकानातूनच येतात ना? मग भिंत तिथेच घाला.

धागाकर्ता
मोजलं. माझा वर्कर सरासरी ७० एमबीचा निघाला. दुकानाला ८ आणि बाकीच्यांना ४-४ दिले. २० वर्कर, म्हणजे १.४ जीबी. काल मुद्दाम भार टाकून पाहिला. दुकान मंदावलं, पण मेलं नाही, आणि बाकीच्या तिघी मजेत. तरी दुकान हलवतोच. डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे ते उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, सध्या ८६४०० आहे, तो कधी कमी करू?

प्रतिसाद २
हलवायच्या निदान एक दिवस आधी ३०० करा. ८६४०० सेकंद म्हणजे पूर्ण २४ तास, तोवर जुनं उत्तर लोकांकडे साठलेलं असतं. आणि डेटाबेसची शेवटची प्रत काढण्याआधी जुन्या दुकानाला देखभालीची पाटी लावा, नाहीतर दोन-चार ऑर्डरी जुन्याच डेटाबेसात जाऊन बसतील.