इनपुट सॅच्युरेशनवर पीएचडी करण्यासारखं काही उरलंय का?

पन्हाळा_रोड
नमस्कार मंडळी. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एम.टेक. झालंय, कोल्हापुरातूनच पीएचडी करायचा विचार आहे. गाइड म्हणाले, "इनपुट सॅच्युरेशन घे, पेपर लवकर निघतात." म्हणजे कंट्रोलर कितीही मागो, हीटर किंवा मोटर एका मर्यादेपुढं देऊ शकत नाही, तो प्रश्न. वाचायला लागलो आणि डोकं गरगरायला लागलं. जो तो पेपर शीर्षकाच्या शेपटाला "इनपुट सॅच्युरेशनसह" जोडतोय. फझी झालं, न्यूरल नेटवर्क झालं, मल्टिएजंट झालं, इव्हेंट-ट्रिगर्डही झालं. शेवटी उदाहरण मात्र तेच, दोन सांध्यांचा रोबोटचा हात, तोही सिम्युलेशनमधला. बर्नस्टाइन आणि मिशेल यांनी 1995 मध्येच या विषयावरच्या लेखांची कालानुक्रमे जंत्री छापली होती. आता नवीन काय शोधायचं? आणि आपल्याकडच्या कारखान्यांत याचा कुणाला खरंच त्रास होतो का?

गोकुळ_शिरगावकर
होतो की. रोज होतो. फक्त त्याला सॅच्युरेशन कुणी म्हणत नाही, "टेंपरेचर वर पळालं" म्हणतात.

मी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचं कंट्रोल बघतो. सेटपॉइंट, म्हणजे हवं ते तापमान, 860 अंश. दार उघडून गार माल आत ढकलला की थर्मोकपलवरचं तापमान धाडकन खाली येतं, कंट्रोलरचं आउटपुट 100 टक्क्यांवर जाऊन बसतं. त्याच्यापुढं द्यायला थायरिस्टरकडं (हीटरची वीज कमीजास्त करणारा स्विच) काही नाही. पण पीआयडी कंट्रोलरमधल्या इंटिग्रलला (चुकांची बेरीज करत जाणारा भाग) हे कोण सांगणार? तो एरर साठवतच राहतो. भट्टी 860 ला पोचली तरी साठलेलं उतरेपर्यंत आउटपुट शंभरावरून हलत नाही. नवा ऑपरेटर असला की तो घाबरून मॅन्युअलवर टाकतो आणि मग वेगळाच घोळ.

आता खालचं टोक बघ. हीटर गार करत नाही. आउटपुट शून्य झालं तरी विटांत मुरलेली उष्णता लगेच जाते होय? भट्टी भरून स्थिरावली की आउटपुट साधारण 30 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर 70 ची जागा आणि खाली फक्त 30 ची. तुमच्या पेपरांत मर्यादा दोन्हीकडं सारखी, उणे एक ते अधिक एक. ती सोय गणिताची आहे, भट्टीची नाही.

सुट्या कंट्रोल लूपसाठी अँटी-वाइंडअप, म्हणजे इंटिग्रलची ही साठवण रोखणं, जुनं झालं. बॅक-कॅल्क्युलेशन म्हण, मर्यादेला टेकलं की इंटिग्रल थांबवणं म्हण, साध्या कंट्रोलरातही काहीतरी तजवीज असते. अडतं ते कॅस्केडमध्ये, म्हणजे बाहेरचा लूप आतल्या लूपला सेटपॉइंट देतो तिथं. आतला लूप शंभरावर अडकलाय हे बाहेरच्या लूपला कळलं नाही की तो आतल्याचा सेटपॉइंट चढवत बसतो.

सातवी_गल्ली
वरचं पटलं, पण सिद्धांताला इतकं हसू नका. मी हा विषय शिकवते.

मर्यादित इनपुटनं काय जमतं आणि काय जमत नाही, हा प्रश्न फार खोल आहे. फुलरनं 1969 मध्ये दाखवलं की तीन किंवा त्याहून जास्त इंटिग्रेटरांची साखळी असेल, तर साधा लिनियर फीडबॅक सॅच्युरेशनमधून पाठवून ती कुठूनही सुरू केली तरी स्थिर होईल अशी खात्री देता येत नाही. ससमन आणि यांग यांनी 1991 मध्ये हा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि 1992 मध्ये टील यांनी वाट काढली, सॅच्युरेशनच्या आत सॅच्युरेशन. प्लांट (ज्याला कंट्रोल करायचं ती यंत्रणा) मुळातच घातांकी वेगानं बिघडणारा असेल, तर मर्यादित इनपुटनं सगळीकडून स्थिरता मिळणं अशक्यच. म्हणून मग "किती भागातून परत आणता येतं" हा प्रश्न पुढं आला, आणि त्या भागाचा अंदाज काढायला एलएमआय, म्हणजे मॅट्रिक्सच्या असमानता. एमपीसीवाले (पुढचा अंदाज बांधून कंट्रोल करणारे) तर मर्यादा थेट ऑप्टिमायझेशनमध्येच घालतात.

आणि मर्यादा फक्त आकाराची नसते, वेगाचीही असते. स्वीडनचं ग्रिपेन विमान 1989 आणि 1993 मध्ये पडलं, त्यात पायलटच्या हालचालीइतक्या वेगानं कंट्रोल सरफेस फिरू न शकणं हा मोठा भाग होता.

बगॅस_आणि_बॉयलर
साखर कारखान्यातून. पाऊस लांबला आणि बगॅस (उसाची चिपाडं, बॉयलरचं इंधन) ओला आला की फ्लू गॅस वाढतो, तो बाहेर ओढणारा आयडी फॅन पूर्ण वेगाला टेकतो. तेव्हा हवा आत ढकलणाऱ्या एफडी फॅनला "आता हवा वाढवू नकोस" म्हणून अडवावं लागतं, नाहीतर भट्टीचा दाब वर येऊन दारांतून ज्वाळा बाहेर. आम्ही हे लॉजिक लिहून भागवतो. एक इनपुट अडकलं तर बाकीच्यांनी काय करायचं, यावर नीट उत्तर कुणी दिलं तर हंगामात चहा माझ्याकडून. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) रॅम्प टाइमचाही, म्हणजे वेग चढायला लागणाऱ्या वेळेचाही, विचार करा, तीच ती वेगाची मर्यादा.

पन्हाळा_रोड
धन्यवाद. मॅडम, मग असमान मर्यादा अधिक वेगाची मर्यादा अधिक कॅस्केड, असा विषय मांडला तर समितीपुढं टिकेल का? आणि दादा, भट्टीचा डेटा मिळेल का?

सातवी_गल्ली
टिकेल, पण तिन्ही एकदम नको. असमान मर्यादेचा कॅस्केड धर. सिद्ध करता येईल असं एखादं लहान विधान आधी हाती येऊ दे. आणि टॅनएच या गणिती फंक्शननं सॅच्युरेशन गुळगुळीत करून घेण्याची पळवाट टाळ. परीक्षक पहिलं तिथंच बोट ठेवतील.

गोकुळ_शिरगावकर
मालकांना विचारून देतो. पण नुसतं कंट्रोलरचं आउटपुट घेऊन जाऊ नकोस भावा, हीटरचा करंट आणि लाइनचं व्होल्टेज पण सोबत रेकॉर्ड कर. संध्याकाळी व्होल्टेज 10 टक्के पडलं की त्याच शंभर टक्क्यांवर पॉवर 81 च मिळते, वर्गाचा हिशोब आहे. डिस्प्लेवर 100 आणि भट्टीत 81. म्हणजे तुझी मर्यादा कागदावरच्या रेघेसारखी एका जागी बसत नाही, वीज सांगेल तशी हलते. पेपरांत ती ठाम माहीत धरलेली असते. शनिवारी पाळी बदलताना ये, पॅनल उघडून दाखवतो.