सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचे वयवंदना कार्ड : खर्च नेमका कोणता वाचतो?

प्रश्न

माझे वडील ७४ वर्षांचे आणि आई ७१ वर्षांची असून दोघेही तासगावला राहतात. वडील सूतगिरणीतून निवृत्त झाल्यामुळे पेन्शन नाममात्र आहे आणि दोघांच्या खासगी आरोग्य विम्याचा हप्ता मी पुण्यातून भरते. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तरी यंदाचा हप्ता ७१ हजारांवर गेला आहे. शेजारच्या काकांनी सत्तरीपुढच्यांना रुग्णालयात मोफत उपचार देणारे आयुष्मान वयवंदना कार्ड काढले, पण आमचे रेशनकार्ड पांढरे असल्याने सरकारी योजना आपल्यासाठी नसतात, असे बाबा ठामपणे सांगतात. हे खरे आहे का? दोघांना प्रत्येकी पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात का? आणि कार्ड निघाल्यावर खासगी पॉलिसी बंद करावी का? दोघांच्या रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्यांनाच महिन्याला साडेतीन हजार लागतात, म्हणून कुठे तरी हात आखडता घेणे भाग आहे.

प्रतिसाद १

वडिलांचा समज मनातून दूर करा, कारण याच समजापायी अनेक घरांतली हक्काची मदत पडून राहते. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीला, त्याची सुरुवात झाली. त्यात उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही आणि हप्ताही नाही. वय आधार कार्डावरून ठरते. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

पाच लाखांचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे आहे, त्यामुळे कार्डे दोन निघाली तरी रक्कम आईवडिलांत मिळून एकच राहील. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. ज्या घरात आधीपासून आयुष्मान कार्ड आहे, तिथे सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात व त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नसतो.

आता मर्यादा सांगतो, कारण खरी अडचण तिथेच होते. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतला तपासण्या-औषधांचा खर्च त्यात धरला जातो. परंतु दरमहा डॉक्टरांना दाखवणे, रक्ततपासणी आणि नेहमीच्या गोळ्या यांसाठी त्यातून काहीही मिळत नाही. म्हणजे तुमचे साडेतीन हजार या कार्डाने वाचणार नाहीत.

एक कळकळीची विनंती आहे : कार्ड आजच काढा. माझ्या आईच्या बोटांचे ठसे सेवा केंद्रातल्या यंत्रावर चार वेळा उमटले नाहीत. आयुष्यभर राखेने भांडी घासून तिची बोटे गुळगुळीत झाली आहेत. शेवटी घरी, खिडकीच्या उजेडात बसवून, मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपमधून चेहऱ्याची ओळख पटवली तेव्हा काम झाले. हीच खटपट अतिदक्षता विभागाच्या दारात करावी लागली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही जीव घाबरतो.

प्रतिसाद २

पॉलिसी लगेच बंद करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे कधी नवी पॉलिसी घ्यायची वेळ आली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते, आणि या वयात ती फार महागात पडते. शिवाय प्रत्येक रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, नसते, आणि जे असते तेही सर्वच वैद्यकीय शाखांसाठी असेल असे नाही. तासगावजवळ मिरजेत तुम्ही ज्या रुग्णालयात जाल तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून हृदयविकार, मेंदूविकार व अस्थिरोग यांपैकी काय उपलब्ध आहे ते आधी विचारून ठेवा. तिथे सोय चांगली दिसली, तर पॉलिसीची विमा रक्कम कमी करून हप्ता उतरवता येईल. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपन्यांनी नियामकाशी सल्लामसलत करावी असे बंधन घातले आहे, तेव्हा यंदाची वाढ किती टक्के झाली तेही तपासा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर आईवडिलांच्या हप्त्यापोटी ५० हजारांपर्यंतची वजावट मिळते. हप्ता मात्र रोखीने भरू नका.

प्रतिसाद ३

गोळ्यांचा खर्च कसा कमी करावा हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा. आमच्या घरी साखरेचे मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन तिथूनच येते व महिन्याचे बिल निम्म्याहून खाली आले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासण्या व उपचार मोफत आहेत, तेव्हा नियमित रक्ततपासणी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करून घ्यावी.

याखेरीज राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले असून पांढरे रेशनकार्डधारकही आता तिच्यात बसतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असू द्या. माझ्या सासऱ्यांना दाखल करताना एका रुग्णालयाने वयवंदना कार्ड असूनही अनामत रक्कम मागितली होती. मी काउंटरवर उभी राहूनच आयुष्मान योजनेच्या १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तासाभरात मागणी मागे घेतली गेली. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पैसे मागता येत नाहीत, हे ठामपणे सांगा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तासगावला जाऊन दोघांची कार्डे काढली. बाबांचे ओटीपीने झाले, पण आईच्या आधारला बंद पडलेला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला होता, त्यामुळे तिच्याही चेहऱ्याचाच उपयोग करावा लागला. पॉलिसी तूर्त चालू ठेवत आहे. बुधवारी मिरजेला जाऊन आरोग्यमित्राकडून शाखांची यादी आणणार आहे; ती हातात आल्यावर विमा रक्कम किती कमी करावी हे इथेच पुन्हा विचारीन.