विषय: पहिलीच प्रॅक्टिकल पिस्तूल मॅच – वेग की नेम?

नमस्कार मंडळी,
पुढच्या रविवारी क्लबच्या रेंजवर आयपीएससी (प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांची मॅच आहे. सेफ्टी कोर्स झालाय, नाव दिलंय. कॉलेजात दहा मीटर एअर पिस्तूल खेळायचे, पण तिथे एका जागी उभं राहून, एका हाताने, 75 मिनिटांत 60 गोळ्या. इथे एका स्टेजला (मॅचच्या एका टप्प्याला) 32 पर्यंत, तेही पळता पळता! आपल्यात कुणी खेळतं का? वेगावर भर देऊ की नेमावर?
– मे.

---

ताई,
खेळतो. नेमावर. कारण गणितातच आहे: मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर. समजा 12 गोळ्यांची स्टेज आहे. बाराही ‘ए’ झोनमध्ये (टार्गेटच्या सर्वाधिक गुणांच्या भागात) बसल्या तर 60 गुण. 20 सेकंद लागले तर फॅक्टर 3. आता घाई करून 15 सेकंदांत संपवलं, पण एक गोळी हुकली. त्या गोळीचे 5 गेले, वर 10 दंड, उरले 45. फॅक्टर पुन्हा 3च! म्हणजे जीव काढून वाचवलेले पाच सेकंद एका मिसने खाल्ले. ‘नो-शूट’ला, म्हणजे ज्यावर गोळी मारायची नसते त्या टार्गेटला, लागली तरी 10 कापतात.

पण पहिल्या मॅचला स्कोअर बघूच नका हो. डीक्यू (मॅचमधून बाद) न होता घरी या. नळीचं तोंड मागे वळता कामा नये (डावीकडे पळताना उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं मॅगझिन बदलताना नेमकं हेच होतं), नेम धरलेला नसताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि पिस्तुलाला हात फक्त सेफ एरियात (पिस्तूल हाताळायला राखलेल्या जागेत) किंवा रेंज ऑफिसरने सांगितल्यावर. सेफ एरियात काडतुसाला स्पर्शही चालत नाही, डमी असली तरी.

एक गोष्ट कोर्सात घाईत सांगतात. स्टेजबाहेर रिकामं पिस्तूल खाली पडलं तर ते पडल्याबद्दल डीक्यू नाही. स्वतः उचललंत तर आहे. हात आपोआप खाली जातो, तोच आवरायचा. ऑफिसरला हाक मारा.

स्टेज सुरू करताना ऑफिसरच्या ‘आर यू रेडी’ला गप्प राहिलात तर तयार आहात असं धरतात. नसाल तर मोठ्याने ‘नॉट रेडी’ म्हणा, कुणी हसत नाही.
– श्री.

---

श्री.दादा, आभार! वॉकथ्रूमध्ये (खेळण्याआधी स्टेज फिरून बघतात तेव्हा) नक्की काय बघायचं? आणि आमचे हे नुसते बघायला आले तर चालेल ना?
– मे.

---

मॅगझिन कुठे बदलायचं ते ठरवा, आणि कुठल्या जागेवरून कुठलं टार्गेट दिसतं ते मोजा. आडोशामागचं एखादं राहिलं तर दोन मिस, शिवाय ते टार्गेट टाळल्याचा वेगळा दंड. साहेबांना आणा की! डोळ्यांना चष्मा, कानांना मफ मात्र प्रेक्षकांनाही लागतात. आणि उभं राहून कंटाळले तर टार्गेटवरची भोकं बुजवायला लावा, स्क्वॉडमध्ये (एकत्र खेळणाऱ्या गटात) त्या कामाला माणसं कमीच पडतात.
– श्री.