विशेग्राडचा राजवाडा : भग्न ठेवायचा की पुन्हा उभा करायचा?

दगडवाचक : हंगेरीत डॅन्यूब नदी दक्षिणेकडे वळते तिथे विशेग्राड आहे. डोंगरावर किल्ला, खाली नदीच्या बाजूला राजवाडा. १२४१-४२च्या मंगोल स्वारीनंतर चौथ्या बेला राजाच्या काळात किल्ला झाला. १३२३मध्ये चार्ल्स रॉबर्ट राजाने दरबार इथे आणला, पुढे मात्याश राजाने (१४५८-९०) राजवाड्याला नवं वैभव दिलं. १५४४मध्ये तुर्कांनी विशेग्राड घेतलं आणि उतरती कळा लागली. लोकांनी दगड नेले, उतारावरची माती साचत गेली. शेवटी इथे राजवाडा खरंच होता का, अशीच शंका घेतली जाऊ लागली. १९३४मध्ये वास्तुविशारद यानोश शुलेक यांना तो मातीखाली सापडला.

आज तिथे जाणाऱ्याला चौकाभोवती नव्याने बांधलेल्या ओवऱ्या दिसतात, वर मजला आणि छप्पर. मला हे पटत नाही. इतका काळ गाडलेल्या वास्तूची सगळ्यात खरी गोष्ट तिची मोडतोड आहे. तीच झाकली तर मग बघायचं काय?

ओवरी : पूर्ण असहमत. पायाच्या रेघा वाचता येतात त्या अभ्यासकाला. बाकीच्यांना गुडघाभर भिंती दिसतात आणि ते पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. १३३५मध्ये हंगेरी, बोहेमिया (आजचा चेक प्रदेश) आणि पोलंडचे राजे इथे भेटले. बोहेमियाच्या राजाच्या पंगतीला रोज २,५०० पाव लागत, असं जुनी बखर सांगते. हे सगळं उघड्या जोत्यावर उभं राहून कसं कळणार? डोक्यावर कमान आली की माणूस आपोआप वर बघतो, जागेचा आवाका अंगात उतरतो.

दगडवाचक : पण ती मंडळी १३३५ची आणि ओवऱ्यांचा नमुना मात्याशच्या काळचा, म्हणजे मधे शतकाहून जास्त अंतर. बघणाऱ्याच्या मनात दोन्ही काळ एकत्र कालवले जातात, ही माझी खरी तक्रार आहे.

चुनखडी : एक व्यावहारिक मुद्दा कुणी घेतलाच नाही. मातीखाली भिंत सुरक्षित असते, खणून काढली की तिचे हाल सुरू होतात. सांध्यांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, चुना सुटतो. तिथल्या थंडीत उघडा अवशेष हळूहळू विरघळतोच. भग्न ठेवा म्हणणाऱ्यांनी हे उत्तर द्यावं : छप्पर नको तर भिंती वाचवायच्या कशा?

दगडवाचक : छप्पर हवंच, पण ते आजचं दिसू द्या. लाकूड, काच, पोलाद काहीही चालेल. जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद हेच सांगते : अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवा आणि नवीन भर वेगळी ओळखू येऊ द्या.

ओवरी : मग जवळच्या सालोमन मनोऱ्याकडे बघा. तिथे काँक्रीट वापरलं, नवं-जुनं लगेच ओळखू येतं आणि मनोरा अनेकांना विद्रूप वाटतो. नियम पाळला की सौंदर्य येतंच असं नाही. राजवाड्यात अंदाज होता, पण तो हवेतला नव्हता. उत्खननात कोरीव तुकडे निघाले. मिक्लोश ओलाह या धर्मगुरू-लेखकाने १५३६मध्ये साडेतीनशे खोल्यांचं वर्णन लिहून ठेवलंय.

दगडवाचक : ओलाह त्या दरबाराशी जवळीक असलेला माणूस, कौतुकाने लिहिणारा. त्याच्या आकड्यावरून छताची उंची काढता येत नाही. लाल संगमरवरी हर्क्युलिस कारंज्याचं मात्र मला पटतं : मूळ तुकडे संग्रहालयात, चौकात प्रतिकृती. तुकडे आणि पुरावा इतका नेमका असेल तिथे खुशाल बांधा.

चुनखडी : म्हणजे तुम्हा दोघांचा वाद फक्त वरच्या मजल्याचा उरला. मला विचाराल तर खालच्या ओवऱ्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक भिंतीत जुना दगड संपतो तिथे शिशाची एक पट्टी बसवावी. बऱ्याच ठिकाणी अशी खूण करतात, खर्चही फार नाही.

ओवरी : पट्टीला माझी हरकत नाही. मजला मात्र पाडू देणार नाही, तिथून नदीचं वळण दिसतं आणि राजाने हीच जागा का निवडली ते तिथेच उमगतं.