टीसीई आणि क्रोमियम-६ एकाच जागेवर: परमँगनेट सोडायचं का?

भूजल_रेषा
जागा ४० हेक्टर, धातूचे सुटे भाग बनवणारा बंद कारखाना. डीग्रीझिंग शॉप (टीसीई, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन या द्रावकाने भागांचं ग्रीस काढायची जागा) आणि क्रोम प्लेटिंग शॉप एकमेकांना लागून, फरशी अजून शाबूत. पाणी ५ मीटरवर, १३ मीटरपर्यंत वाळू, त्याखाली चिकणमाती. वाळूची पारगम्यता दिवसाला १० मीटर, पाणपातळीचा उतार ०.००२. डीग्रीझिंगपाशी ७ नंबरच्या बोअरमध्ये लिटरला टीसीई २८ मिलिग्रॅम, सिस-डीसीई ३, व्हिनाइल क्लोराइड ०.०४ (टीसीई तुटत गेला की क्रमाने ही दोन होतात). प्लेटिंगच्या बाजूला क्रोमियम-६ (क्रोमियमचं विषारी, पाण्याबरोबर वाहणारं रूप) लिटरला ६ मिलिग्रॅम. उताराकडे दोन्ही प्लूम (भूजलातले दूषित पट्टे) मिसळलेत, रुंदी साधारण १२० मीटर.

प्रस्ताव असा आहे: वरची ४ मीटर माती उकरायची आणि २० बाय ३० मीटरच्या उगमक्षेत्रात टीसीई नष्ट करायला पोटॅशियम परमँगनेट हा ऑक्सिडीकारक इंजेक्ट करायचा. मातीची परमँगनेटची मागणी (माती स्वतःच जेवढं खाऊन टाकते ते) प्रयोगशाळेत किलोला ५ ग्रॅम आली. हे पटत नाही, पण नेमकं बोट कुठे ठेवायचं?

वाळू_आणि_गाळ
तीन ठिकाणी ठेवा.

पहिलं, क्रोमियम. मातीत आज जे क्रोमियम-३ होऊन निपचित पडलंय, ते परमँगनेट परत क्रोमियम-६ करतं. मागे उरणारा मँगनीज डायऑक्साइडही तेच काम हळूहळू करत राहतो. म्हणजे टीसीई कमी झाल्याचा आलेख दाखवाल आणि खालच्या बोअरमध्ये क्रोमियम चढलेलं सापडेल.

दुसरं, हिशोब करून बघा. ६०० चौरस मीटर गुणिले ८ मीटर म्हणजे ४,८०० घनमीटर वाळू. घनमीटरला १,७०० किलो धरलं तर मागणी ८.५ किलो, एकूण ४१ टनांच्या आसपास. तीही नुसत्या मातीची, टीसीईचा वाटा वेगळा. ४ टक्के द्रावण केलं तर १,००० घनमीटरहून जास्त पाणी जमिनीत ढकलावं लागेल. सच्छिद्रता २५ टक्के धरा, तर तिथलं एकूण पाणीच १,२०० घनमीटर आहे. दूषित पाणी जागच्या जागी शुद्ध करण्याऐवजी तुम्ही ते आजूबाजूला हाकलणार!

तिसरं, टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड. विद्राव्यता लिटरला १,१०० ते १,३०० मिलिग्रॅम. तुमचे २८ म्हणजे तिच्या २ टक्क्यांहून जास्त, आणि १ टक्का ओलांडला की जवळपास कुठेतरी सुटा द्रव साचलाय असं धरून चालतात. तो चिकणमातीच्या माथ्यावर बसलेला असणार, थोडा मातीत मुरलेलाही. ४ मीटर उकरून त्याला धक्काही लागणार नाही, उलट फरशी फुटली की पावसाचं पाणी सरळ क्रोमियमवरून खाली जाईल. फरशी हे फुकट मिळालेलं झाकण आहे, ते ठेवा. वरच्या ५ मीटर कोरड्या वाळूतली टीसीईची वाफ व्हॅक्यूम ब्लोअरने ओढता येते, आणि फरशी असली तर ब्लोअरची ओढ लांबवर पोचते.

पंप_वाला
वरच्याशी सहमत. पण आधी वाहतं पाणी अडवा, उगमाचं नंतर बघू. १० × ०.००२ ÷ ०.२५ म्हणजे दिवसाला ८ सेंटीमीटर, वर्षाला साधारण २९ मीटर. टीसीई मातीला चिकटत जातो म्हणून मागे पडतो, क्रोमियम-६ मात्र जवळपास पाण्याच्याच वेगाने पळतं.

अडवायला किती उपसा? १० × ०.००२ × १२० × ८ = १९ घनमीटर रोज. दीडपट धरून ३०. एकाच विहिरीवर हा सगळा भार टाकू नका. विहिरीपाशी तिचा पाणी ओढण्याचा पट्टा दूरच्या रुंदीच्या निम्माच असतो आणि प्लूमच्या कडा बाजूने निसटतात. आडव्या ओळीत तीन विहिरी बऱ्या.

शुद्धीकरणात क्रम चुकतो तिथे सगळं अडतं. आधी फेरस सल्फेटने क्रोमियम-६ चं क्रोमियम-३ करा, १ ग्रॅम क्रोमियमला त्याचे १६ ग्रॅम हेप्टाहायड्रेट (नेहमीचे स्फटिक) लागतात. ६ मिलिग्रॅम आणि ३० घनमीटर म्हणजे रोज १८० ग्रॅम क्रोमियम, फेरस सल्फेट सुमारे ३ किलो. विरघळलेला ऑक्सिजन वाटा खातो म्हणून प्रत्यक्षात जास्त. सामू ८ च्या आसपास ठेवून गाळ बसवा, फिल्टर करा, आणि मगच एअर स्ट्रिपर (पाण्यातून हवा सोडून टीसीई उडवून लावणारा टॉवर). उलट केलंत तर लोखंडाचा गंज टॉवरच्या पॅकिंगवर चढून बसेल. स्ट्रिपरमधून बाहेर पडणाऱ्या हवेला नुसता कार्बन पुरेसा धरू नका, व्हिनाइल क्लोराइड त्यावर फारसं टिकत नाही.

नमुना_तपासणी
७ नंबरचा स्क्रीन (बोअरच्या नळीचा पाणी आत घेणारा जाळीदार भाग) किती लांब आहे? ५ ते १३ सलग असेल तर २८ हा आकडा आठ मीटरची सरमिसळ आहे, तळाशी कितीतरी जास्त निघू शकतं. पुढचे बोअर बाहेरून आत या क्रमाने घ्या, स्क्रीन दीड मीटरचा, एक तळाशी आणि एक वर. चिकणमातीत भोक पाडायचंच असेल तर आधी १३ मीटरपर्यंत बाहेरचं केसिंग ग्राउट करून घट्ट करा, नाहीतर तो जड द्रव त्याच भोकातून खालच्या जलधरात उतरेल.

नमुना घेताना पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर. पातळी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ देऊ नका. टीसीईच्या ४० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा दिसला तर ती बाद. क्रोमियम-६ चा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. बफर न घालता तो २४ तासांत तपासला गेला पाहिजे. प्लेटिंग शॉपची जुनी गटारं आणि केबलचे चर नकाशावर घ्या, खडीने भरलेल्या चरातून पाणी उताराच्या आडवंही जातं.

भूजल_रेषा
स्क्रीन ६ ते १२ आहे, म्हणजे तळ सुटलाच. मग उगमात परमँगनेटऐवजी वनस्पती तेलाचं इमल्शन चालेल? दोन्हीला लागू पडेल असं वाटतं.

वाळू_आणि_गाळ
दिशा तीच, पण एकदम नाही. तेल खाऊन जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला की क्रोमियम-६ लवकर कमी होतं, मात्र तोवर ते टीसीई खाणाऱ्या जिवाणूंना मारतं. म्हणून आधी तेल, मग क्रोमियम उतरलं, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता) उणे १०० मिलिव्होल्टच्या खाली गेलं आणि सामू ६ च्या वर टिकला की डिहॅलोकोकॉइड्स या टीसीई शेवटपर्यंत तोडणाऱ्या जिवाणूंचं विरजण. सामू घसरला तर सोडियम बायकार्बोनेट. हे जिवाणू नसले तर गाडी सिस-डीसीईवर अडकते.

निकाल मिलिग्रॅममध्ये वाचू नका, मोलमध्ये वाचा. २८ मिलिग्रॅम टीसीईचं पूर्ण डीसीई झालं तरी २१ मिलिग्रॅमच भरतात, आणि घट झाल्याचा भास होतो. तुमच्या आकड्यांत मोलच्या हिशोबाने १३ टक्केच पुढे सरकलंय. इथिन (साखळीतला शेवटचा, क्लोरीन नसलेला वायू) तेही मोजा, ते दिसलं तरच साखळी शेवटपर्यंत गेली. आणि विरघळलेलं लोह, मँगनीज, आर्सेनिक खालच्या बोअरमध्ये वाढतात का ते तेल टाकण्याआधीच्या आकड्यांशी ताडून बघा, म्हणजे ते आकडे आत्ताच घेऊन ठेवा.