'कशाचीच खात्री नाही' असं खात्रीने सांगणाऱ्यांना

अर्धविराम
परवाच्या लेखाचा मथितार्थ असा होता: शब्दांचे अर्थ माणसांनी ठरवलेत, म्हणून 'अमुक खरं आहे' म्हणणं म्हणजे आपलं मत दुसऱ्यावर लादणं, आणि कशाचीच खात्री देता येत नाही. त्याखाली 'किती खोल!' म्हणून माना डोलावणाऱ्यांची रांग बघून राहवलं नाही. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

अर्थ माणसांनी ठरवले, यावर कुणाचंच भांडण नाही. त्यातून खरेखोटेपणही माणसांनी ठरवलं, हे कसं काय निघालं? मीटर किती लांब हे माणसांनीच ठरवलं. टेबल किती मीटर भरेल हे मात्र बैठक घेऊन ठरत नाही, पट्टी लावावी लागते.

आता संशयाकडे. इंग्रज तत्त्वज्ञ मूरने १९३९ च्या व्याख्यानात हात वर करून 'हा एक हात, हा दुसरा, म्हणजे बाहेरचं जग आहे' असा पुरावा दिला होता. तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनला तो पुरावा पटला नाही, आणि संशयवाद्याचं म्हणणं तर त्याहून नाही. १९५१ च्या एप्रिलमध्ये तो वारला, त्याच्या दोन दिवस आधीपर्यंत तो यावरच टिपणं काढत होता. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत: सगळ्यावरच संशय घेणाऱ्याला संशयही घेता येत नाही. 'हा हात आहे का?' असं विचारताना त्या प्रश्नातल्या शब्दांवर तरी भरवसा हवा. तोही काढून घेतलात तर तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत, नुसता आवाज काढलात.

धूमकेतू
छान लिहिलंय. (उपरोध नाही. पुढे येईल.)

प्रश्न विचारताना काहीतरी गृहीत धरावं लागतं, कबूल. पण गृहीत धरावं लागतं म्हणून ते खरं ठरत नाही. तुमच्या त्याच टिपणांमध्ये, आजवर कुणी चंद्रावर गेलेलं नाही, ही न हलणाऱ्या गोष्टींतली एक म्हणून येते. तिथे पोचणं शक्य नाही असं आपण सगळेच मानतो, असंही तो लिहून जातो. टिपणं पुस्तकरूपाने छापून आली १९६९ साली. त्याच वर्षी जुलैत काय झालं ते सांगत बसत नाही.

अर्धविराम
हे येणार हे माहीत होतं. न हलणाऱ्या गोष्टी म्हणजे नदीचं पात्र, आणि पाणी वाहतं तसं पात्रही हळूहळू सरकतं, हे त्याच टिपणांत आहे. आणि चंद्रावर माणूस गेला हे तुम्ही कशावरून म्हणता? छायाचित्रं, साक्षी, तिथून आणलेले दगड. म्हणजे एक खात्री मोडायला तुम्हाला इतर शंभर खात्र्या लागल्या.

धूमकेतू
म्हणजे खात्री याचा अर्थ 'सध्या कुणी हात लावत नाही ते'. मग त्या लेखकाचं चुकलं कुठे? तो हेच म्हणत होता, फक्त जर्मन नाव न घेता.

पंचावयवी
या वादात १९३९ पासून सुरुवात करायची म्हणजे कमाल आहे. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी हजारएक वर्षांपूर्वी याचा निकाल लावलाय. आशंकेला मर्यादा असते, आणि ती म्हणजे व्याघात, स्वतःच्याच वागण्याशी येणारा विरोध. पुढे १४व्या शतकात त्याच परंपरेतल्या गंगेशांनी तेच उलगडून सांगितलं: धूर हवा असला की तू विस्तव पेटवतोस, भूक लागली की जेवतोस, दुसऱ्याला समजावं म्हणून बोलतोस, आणि वर विस्तवाने धूर होतो का याची शंका काढतोस? तिसरं उदाहरण पुन्हा वाचा. धागालेखकाला जे सांगायला एवढा मजकूर लागला ते यात आलं. पण आपल्या लोकांना नाव परकं असल्याशिवाय विचार पचत नाही.

चकवा
आलं, 'आमच्याकडे आधीच होतं' आलं. साहेब, उदयनांनी निकाल लावला असता तर वेदान्ती श्रीहर्षाला १२व्या शतकात त्यांचीच कारिका (सूत्रवजा श्लोक) दोनचार शब्द फिरवून त्यांच्याच अंगावर टाकता आली नसती. व्याघात आहे म्हणता ना? विरोध म्हटला की दोन बाजू आल्या, त्यातली एक बाजू शंकाच. म्हणजे व्याघात मानलात की शंकाही मानलीत. मग तिथे शंका संपली कशी? अर्धं वाचून निकाल जाहीर करू नयेत.

पंचावयवी
अर्धं कुणी वाचलंय ते बघू. श्रीहर्षाला उत्तर गंगेशांनीच दिलंय. व्याघात हा शंकेच्या आधारावर उभा नाहीच. माणसाची स्वतःची कृतीच शंकेला आडवी येते. विस्तव पेटवणारा हात आधी चालतो, वाद मागून येतो.

चकवा
कृती आडवी येते म्हणजे काय? मी सवयीने विस्तव पेटवेन आणि मनात शंकाही ठेवेन. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला ते पडणार नाही याची खात्री असते की काय? कृती असली की खात्री असते हे सिद्ध करा, मग गंगेश काढा.

पंचावयवी
विमान पडेल ही शंका आणि इंधन जळल्यावर उष्णता होते का ही शंका, दोन्ही एकच वाटत असतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

चकवा
हरल्यावर बोलण्यात अर्थ नसतोच.

कलम_बहाद्दर
तुमचं चालू द्या. माझा विमा दावा 'अपघात' या शब्दाची आमच्या कागदातली व्याख्या वेगळी आहे म्हणून फेटाळला गेला. मी पडलो, हाड मोडलं, हे त्यांनाही मान्य. फक्त तो 'अपघात' नव्हता. मीटर माणसांनी ठरवलं म्हणता ना अर्धविराम? कुठल्या माणसांनी, ते विचारा. त्या लेखात मला तरी चूक दिसली नाही.

अर्धविराम
तुमच्यावर अन्याय झाला. पण तो अन्याय आहे असं तुम्हाला म्हणता येतं ते हाड खरंच मोडलं म्हणूनच ना? सगळंच मत असेल तर त्यांचंही एक मत, तुमचंही एक. मग तक्रार कसली?

कलम_बहाद्दर
हे वाक्य तक्रार निवारण कक्षात म्हणून बघतो. पैसे मिळाले तर तत्त्वज्ञान मानलं.

गोगलगाय
सहसा फक्त वाचते, पण 'हा माझा हात' हे इतक्या सहज फेकलेलं बघून लिहिते आहे.

बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावी बाजू गेली. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, हा हात माझा नाही. मग कुणाचा? 'शेजारच्या पेशंटचा असेल.' मी बोटातली अंगठी दाखवली. 'ती माझीच आहे. त्याच्या बोटात कशी गेली कोण जाणे.' उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांत असं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण बाबा बरळत नव्हते. पेपर वाचत होते, बिलातली बेरीज चुकली तर पकडत होते. 'हात' म्हणजे काय, 'माझा' म्हणजे काय, सगळं ठीक कळत होतं. भाषा शाबूत, आणि मूरचं पहिलंच वाक्य गेलेलं. आता सांगा तुमचा पाया कुठे आहे.

अर्धविराम
विटगेन्स्टाइन अशा ठिकाणी 'ही चूक नव्हे, मनाचा बिघाड' अशी वेगळी पायरी करतो.

गोगलगाय
ठाऊक आहे. बिघाड म्हटलं की प्रश्न दवाखान्याच्या खात्यात जातो आणि तत्त्वज्ञान स्वच्छ राहतं. सोयीचं आहे. आणि तुम्ही सगळे मघापासून संशयाबद्दल भांडताय. बाबांना कणभरही संशय नव्हता. त्यांना पूर्ण खात्री होती.

धूमकेतू
घ्या! धागालेखकाच्या सगळ्या इमारतीला या एका प्रतिसादाने सुरुंग लावला. खात्री आणि सत्य यांचा संबंध नाही, हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

अर्धविराम
सुरुंग नाही, तडा म्हणा. भाषा कळणं आणि अशा वाक्यावर ठाम असणं या दोन गोष्टी मला वाटल्या तेवढ्या एकमेकींत गुंतलेल्या नाहीत, एवढं देतो. पण तुम्ही कशाला नाचताय? खात्री आणि सत्य वेगळं, म्हणजे खात्रीपलीकडे सत्य आहे हे आलंच. तुमच्या लाडक्या लेखात तर ते नव्हतं. बाबांनी काहीही ठरवलं तरी हात त्यांचाच होता.

धूमकेतू
त्यांचाच, हे कोण म्हणतं? तुम्ही, त्यांची मुलगी आणि डॉक्टर. तीन विरुद्ध एक. ठराव बहुमताने मंजूर. यालाच मी माणसांनी ठरवणं म्हणतो.

गोगलगाय
मतदान नव्हतं हो. सुईला शीर त्याच हाताची मिळाली होती. तिच्यातून औषध गेलं की झोप बाबांना लागायची. शेजारचा टक्क जागा असायचा.